चार माणसं, एक दिस : एका पंपाची नि साखळीची किंमत

जव्हारहून परतल्यापासून नाशकात जी भेटते ती पहिला प्रश्न हाच विचारते, "काय काय पाहिलंत हो तिकडे?" राजवाडा पाहिला का, दसऱ्याचा थाट पाहिला का, हवा थंड होती का. मी सांगते, "भात पाहिलं. नाकाला लागेल इतक्या जवळून पाहिलं." मग बायका एकमेकींकडे बघतात. तेव्हा म्हटलं, एकदाच सगळं पहिल्यापासून लिहून टाकावं. प्रत्येकीला वेगळं सांगत बसायला नको, आणि माझ्या तळहातावरच्या घट्ट्यांची चौकशीही थांबेल.

याचं मूळ म्हणजे माझा धाकटा भाऊ दत्तू. याने आजवर सायकलींचं दुकान काढून बंद केलं, शिवणयंत्रं दुरुस्त करून दोन चालती यंत्रं कायमची मुकी केली, आणि यंदा त्याच्या डोक्यात मोटार शिरली. मुंबईहून जुनी मोटार आणायची आणि त्र्यंबकहून मोखाड्यावरून जव्हारपर्यंत उतारूंची ने-आण करायची. पैसे कमी पडले, तेव्हा मी हातातल्या पाटल्या काढून दिल्या. यांना विचारून दिल्या हो! हे म्हणजे आमचे मास्तर, हायस्कुलात गणित शिकवतात. यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "द्यायच्या तर दे. पण परत येतील असं धरून देऊ नकोस." सासूबाई म्हणाल्या, "झाले हात मोकळे. वाजव आता टाळ्या."

जव्हारच्या संस्थानाकडे दत्तूने परवाना मागितला होता. त्याच रस्त्याचा परवाना डहाणूकडच्या एका शेठजींनीही मागितला होता, म्हणून निरोप आला की दोघांनीही आपापली मोटार दसऱ्याच्या दिवशी जव्हारास हजर करावी, कारभारीसाहेब बघून ठरवतील. परवाना मिळाला तर दत्तू मार्गी लागणार. नाही मिळाला तर मोटार पत्र्याच्या भावाने विकायची, पाटल्या विसरायच्या, आणि सासूबाईंचं ते वाक्य मी जन्मभर ऐकायचं. मला दत्तूची काळजी होती हे खरं, पण त्या वाक्याची जास्त होती. शाळेला सुट्टी होती, म्हणून आम्ही दोघंही त्याच्याबरोबर निघालो.

सातवी माळ : पोशेऱ्याच्या अलीकडे

सकाळी त्र्यंबकराजाला हात जोडून आम्ही सुटलो. चाकावर दत्तू, त्याच्या शेजारी संस्थानचे कारकून तात्या, मागे मी आणि हे. उरलेली जागा पेट्रोलचे डबे, वळकट्या आणि माझा दशम्यांचा डबा यांनी अडवली होती.

तात्यांना संस्थानाने मुद्दाम पाठवलं होतं. मोटारीबरोबर यायचं आणि ती कशी चालते ते कारभारीसाहेबांना तोंडी सांगायचं, एवढंच त्यांचं काम. पन्नाशीचे, शिडशिडीत, डोक्याला पगडी, मांडीवर छत्री आणि नवरात्राचा कडक उपवास. कशावरही ते एकच बोलायचे, "नमूद होईल." मोटार सुरू होईना, दत्तूने दांडा फिरवून फिरवून हात दुखवून घेतले, "नमूद होईल." वळणावर माझा डबा उडून त्यांच्या पाठीत बसला, "नमूद होईल." मी यांच्या कानात म्हटलं, "या माणसाने स्वतःच्या लग्नातसुद्धा अंतरपाट दूर झाल्यावर हेच म्हटलं असणार." हे हसले आणि त्यांचं हसणंही नमूद झालं.

तोरंगणचा घाट उतरलो आणि मुलूखच पालटला. आमच्याकडे नजर जाईल तिथवर सपाट बाजरी. इथे उताराउतारावर नागली आणि वरई, आणि खोलगट जागी भाताची खाचरं, एकाखाली एक. हळवं, म्हणजे लवकर येणारं भात पिकून पिवळं झालं होतं, उशिरा येणारं गरवं अजून हिरवं होतं. घरं म्हणजे कुडाच्या भिंती, वर गवताचं छप्पर, आणि त्या छपरावर चढलेले काकडीचे वेल. मोटारीचा आवाज ऐकून खाचरातली माणसं उभी राहून बघायची, कोंबड्या जीव घेऊन पळायच्या. दत्तूला कोण आनंद झाला होता! प्रत्येक पाड्यापाशी भोंगा वाजवत होता.

पोशेऱ्याच्या अलीकडे एक चढ आहे. त्या चढावर मोटारीच्या तोंडातून आधी कुंईऽऽ असा सूर निघाला. मग वाफ आली. मग जिन्यावरून ताटवाट्या सोडाव्यात तसा खळखळाट झाला, आणि मग सगळं शांत. इतकं शांत की पाखरं ऐकू आली.

दत्तू उतरला. पुढचं झाकण काढून बराच वेळ आत डोकं घालून बसला. बाहेर आला तेव्हा हातात साखळीचे तुकडे आणि चेहऱ्यावर वंगण.

"अक्का, पाण्याचा पंप अडकला. तो या साखळीवरच फिरतो. पंप अडला, साखळीवर ओढ आली, साखळी गेली."

"मग जोड की!"

"जोडायला काय तुझे पैंजण आहेत? ही टायमिंगची साखळी. इंजिनाने श्वास कधी घ्यायचा नि कधी सोडायचा ते ही ठरवते. आणि पंप नसला तर इंजिनाला पाणी मिळत नाही, ते तापून मरतं. दोन्ही नवीनच घालायला पाहिजेत. मुंबईहून."

"टायमिंगची साखळी?" तात्या खाली उतरत म्हणाले. "म्हणजे घड्याळाची? मोटारीत घड्याळ असल्याचं अर्जात नव्हतं. नमूद होईल."

मी दत्तूला बाजूला घेतलं. "खर्च किती?" तो म्हणाला, "शंभराच्या घरात." माझी एक पाटली तेवढ्याची. "आणि यायला?" "पंधरा दिवस तरी." दसरा तर तीन दिवसांवर! पंप मोटारीचा बसला आणि तोंडचं पाणी आमचं पळालं. विकणाऱ्याने नवी कोरी म्हणून गळ्यात मारली होती ती मोटार. तो समोर असता तर मी त्याला त्याच साखळीने बांधला असता.

तेवढ्यात खालच्या खाचरातून एक म्हातारा आणि एक माझ्याच वयाची बाई वर आली. म्हाताऱ्याला सगळे काळूबाबा म्हणत. बाई त्यांची सून, सोमी, माहेर जामसरचं. तिच्या डोक्यावर भाताचा भारा होता आणि तो भारा घेऊनच ती मोटारीभोवती एक चक्कर मारून आली.

"काय झालं?" काळूबाबांनी विचारलं.

"साखळी तुटली, बाबा," दत्तू म्हणाला.

काळूबाबांनी वाकून मोटारीकडे पाहिलं. "आमचं साखळ तुटलं का ढोर पळतं. तुमचं बसलं!"

सोमी अशी हसली की डोक्यावरचा भारा डुलायला लागला. मलाही हसू आवरेना. दत्तूने माझ्याकडे असं पाहिलं की जणू साखळी मीच तोडली.

मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. निरोपात "हजर करावी" एवढंच होतं. चालत की ओढत, ते कुठे होतं? त्याने काळूबाबांना विचारलं, "बैल लावून जव्हारपर्यंत ओढून न्याल? दसऱ्याला पोचलं पाहिजे. काय घ्याल?"

सासरा-सून आपापसात त्यांच्या बोलीत बोलले. त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही. आमच्याशी बोलताना ते मराठी बोलत, पण तिचा नाद निराळा. मग काळूबाबा म्हणाले, "चार माणसं, एक दिस."

दत्तूचा चेहरा उजळला. "अक्का! चार माणसांची एका दिवसाची मजुरी! म्हणजे काहीच नाही गं!"

"मग घासाघीस करत बसू नकोस," मी शहाणपणा शिकवला. "आधी हो म्हण."

"कबूल!" दत्तूने काळूबाबांच्या हातावर हात मारला.

"दर वाजवी आहे," तात्या म्हणाले. "नमूद होईल."

काळूबाबा म्हणाले, "परवा पहाटं निघू. उद्या भात." आम्ही म्हटलं, चला, उद्याचा दिवस त्यांचं भात, आमचा आराम. बैलांनी मोटार पाड्यावर आणून सोमीच्या अंगणात उभी केली.

जेवण काय सांगू! नागलीची काळसर भाकरी, लसूण घातलेली उडदाची घट्ट डाळ आणि मिरचीचा असा ठेचा की यांच्या चष्म्याच्या काचा धुरकट झाल्या. तात्या म्हणाले, माझा उपवास आहे, मला वरईचा भात चालेल, पण तुम्हाला त्रास होईल. सोमीला काही कळेना. "वरई तर आमी रोजच खातो, त्याच्यात तरास काय?" आपण ज्याच्यासाठी एकादशीची वाट बघतो, ते यांचं रोजचं जेवण. मी तिला सांगितलं, "आमच्याकडे वरई खाल्ली की पुण्य लागतं." ती म्हणाली, "मंग आमचं लय साठलं आसंल."

आठवी माळ : सोमीचं खाचर

अजून नीट उजाडलंही नव्हतं आणि सोमी दारात उभी. हातात चार विळे.

"उठा बाय. भात वाट बघतंय."

"कुणाची?"

"तुमची. चार माणसं, एक दिस. कबूल ना?"

मी दत्तूकडे पाहिलं. दत्तूने माझ्याकडे पाहिलं. हे हळूच म्हणाले, "गणित चुकलं वाटतं."

काळूबाबांनी समजावलं. त्यात रागाचा लवलेश नव्हता, उलट आम्हाला एवढंही कसं ठाऊक नाही याचं त्यांना नवल वाटत होतं. "आमची चार माणसं नि दोन जोड्या बैल तुमच्या मोटरीसंगं जव्हारला जाणार. मंग हितं भात कोण कापील? आज तुमी आमच्याकडं, उद्या आमी तुमच्याकडं. सावड हाये ती."

सावड! शब्द मी कोकणातल्या एका मावशीच्या तोंडून ऐकला होता. तुझ्या कामाला मी, माझ्या कामाला तू. दत्तूने कमरेची पिशवी काढली. "बाबा, मी पैसे देतो. दुप्पट देतो. चार मजूर लावा."

"मजूर कुठून आणू? समद्यांचं भात एकदाच पिकलंय. दाम घिऊन काय करू? दाम वाकून भात कापतो का?"

नाही म्हणावं तर बैल नाहीत, बैल नाहीत तर दसरा नाही. आणि शब्द दिला होता तो दिलाच होता. मी पदर खोचला.

राहता राहिले तात्या. ते पगडी घालून ताठ उभे राहिले. "मी संस्थानचा नोकर आहे. मी भात कापणार नाही."

सोमीने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मोटरीत बसून आलं का नाय?"

"आलो. पण कामावर आलो."

"मंग चौथं माणूस तुमीच." तिने विळा त्यांच्या हातात ठेवला आणि वळून चालायलाही लागली. तात्यांनी तोंड उघडलं, पण नमूद काही झालं नाही. त्यांना कोणी असं बोललं नसावं, निदान पगार सुरू झाल्यापासून तरी.

पहिल्या तासाभरात आमची काय दशा झाली ते सांगते. दत्तूने आपल्याच धोतराचा सोगा कापून भाऱ्यात बांधला. हे खाचराच्या कोपऱ्यातून सुरुवात करून तिरके तिरके कुठेतरी निघाले आणि शेवटी बांधावर बसून म्हणाले, "मी भारे मोजतो." सोमी म्हणाली, "मोजू नका, उचला." मग यांनी भारे उचलले, आणि बरे उचलले, खोटं कशाला बोलू. माझ्या पाठीचं तर नावच काढू नका. पानांची धार अशी की हाताला बारीक चरे पडले, काचेच्या बांगड्या एकेक करून फुटल्या, आणि मी भाताला, मोटारीला आणि मुंबईच्या त्या विकणाऱ्याला आळीपाळीने शिव्या घालत होते. सोमीला माझ्या शिव्या फार आवडल्या. एक-दोन तिने पाठ करून घेतल्या.

तिने माझ्या मनगटांकडे पाहिलं. "बाय, तुमच्यात तर बाया सोनं घालतात. तुमचं कुठंय?"

मी विळ्याने अंगणातल्या मोटारीकडे दाखवलं. "ते बघ, तिथे उभं आहे."

ती मोटारीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. "समदं?"

"सगळं."

"भाऊसाठी?"

मी मान हलवली, आणि काय झालं कोण जाणे, माझे डोळे भरून आले. इतक्या दिवसांत कोणी असं सरळ विचारलंच नव्हतं. परवाना नाही मिळाला तर हा पोरगा पुन्हा उभा राहायचा नाही अशी भीती मला वाटत होती, आणि ती भीती मी यांच्याजवळसुद्धा बोलले नव्हते. सोमीने माझ्या हातातली भाताची मूठ घेतली, तिची पेंढी बांधली आणि म्हणाली, "बरं झालं. सोनं घालून इळा चालत नाय." मी रडता रडता हसले.

आणि तात्या? आधी ते बांधावर उभे राहिले. मग पगडी काढून एका खुंटावर ठेवली. उपरणं कमरेला बांधलं, धोतर वर खोचलं, खाली वाकले आणि सर्र, सर्र, सर्र! आम्ही सगळे थांबून बघायला लागलो. त्यांची ओळ सरळ, मुठी सारख्या. "बघता काय?" ते दत्तूवर ओरडले. "मूठ धर, मूठ! बोटं बाहेर ठेवलीस तर दसऱ्याला सोन्याऐवजी बोटं वाटशील!" मग कळलं की तात्या वाडा तालुक्याकडच्या शेतकऱ्याच्या घरचे. नोकरी लागली आणि विळा सुटला. काळूबाबांनी त्यांच्या शेजारची ओळ धरली आणि दोघा म्हाताऱ्यांची अशी काही चढाओढ लागली की दुपारी सोमीला मध्ये पडून दोघांना काकडी खायला बसवावं लागलं. तात्यांच्या नाकाला चिखल लागला होता. त्यांना सांगावं की नाही या विचारात आम्ही कोणीच सांगितलं नाही.

संध्याकाळी आभाळ भरून आलं, गडगडलं, चार थेंबही पडले. पण भात तोवर खळ्यावर गेलं होतं.

नववी माळ : मोखाड्याकडे

पहाटे मोटारीला पुढून जाड नाडे बांधले, दोन जोड्या जुंपल्या आणि आमची वरात निघाली. दत्तू चाकावर. उतारावर त्याने ब्रेक दाबायचा, नाही तर मोटार बैलांच्या अंगावर. चढावर आम्ही सगळे उतरून मागून रेटा द्यायचा. काळूबाबा, त्यांचा मुलगा आणि आणखी दोघं बैलांबरोबर, आणि सोमी आमच्यात. तिला दसरा बघायचा होता.

एका सपाट जागी दत्तूला जरा बरं वाटलं आणि सवयीने त्याने भोंगा दाबला. बैल जे उधळले! मोटार, दत्तू, माझी वळकटी, सगळं रस्ता सोडून नागलीच्या शेतात. शेताचा मालक धावत आला. आता हा काय मागतोय या भीतीने दत्तू आधीच म्हणाला, "आम्ही कापून देऊ!" मालक नुसता बघत राहिला. नागली अजून हिरवी होती.

मोखाडा इंग्रजांच्या मुलखात, जव्हार महाराजांच्या. मोखाड्याच्या बाजारात उडीद, मीठ, बांगड्या नि मडकी मांडली होती आणि बैलांनी ओढलेली मोटार बघायला सगळा बाजार उठून आला. एकाने विचारलं, "हिला वैरण किती लागते?" मी म्हटलं, "माणसं खाते." सोमीने मला तिथे काचेच्या हिरव्या बांगड्या भरल्या. मी पैसे काढले तर म्हणाली, "राहू दे. तुमच्या फुटल्या त्या आमच्या भातात." तिने दिलेल्या बांगड्या मी अजून हातात ठेवल्या आहेत.

दसरा : जव्हार

दुपार कलता कलता जव्हार दिसलं. डोंगरावरचं टुमदार गाव, दारोदार झेंडूची तोरणं. गावाबाहेर सोमीने मोटारीच्या तोंडाला झेंडूची माळ आणि त्यात भाताच्या लोंब्या बांधल्या. बैलांची शिंगं रंगवली होती. मोटारीपेक्षा बैलच जास्त देखणे दिसत होते, हे मला त्या वेळीही कळत होतं.

राजवाड्यासमोरच्या पटांगणात लोक जमले होते. एका बाजूला डहाणूच्या शेठजींची मोटार, काळी चकचकीत, आणि आपल्या पायांनी आलेली. आम्ही आत शिरलो आणि जो हशा उठला तो अजून माझ्या कानात आहे. "बैलमोटार आली, बैलमोटार!" दत्तूने चाकावर मान घातली. मला तर वाटलं, एकेकाला धरून खाचरात उभा करावा.

कारभारीसाहेब आले. पांढऱ्या मिशांचे, शांत गृहस्थ. त्यांनी शेठजींची मोटार पाहिली, आमची पाहिली, आणि मग दोघांना एकच प्रश्न विचारला. "मध्ये सगळा डोंगर आहे. उतारूंत बायका असतील, आजारी माणसं असतील. मोटार वाटेत बंद पडली तर त्यांचं काय?"

शेठजी हसून म्हणाले, "आपली मोटार बंद पडतच नाही, साहेब."

कारभारीसाहेब दत्तूकडे वळले. दत्तू चाकाला धरून बसून राहिला. काय सांगणार? बंद पडलेली मोटार तर समोरच उभी होती. मी मनात म्हटलं, संपलं. पाटल्या गेल्या, पोरगा गेला.

तेव्हा बैलांजवळून काळूबाबा म्हणाले, "आमी हाव ना."

साहेब वळले. "तुम्ही कोण?"

"पोशेऱ्याचं. बंद पडली तर आमी वढू. माणसं आमच्या घरी ऱ्हातील, भाकर खातील. ही मोटर आमच्या सावडीत हाये."

"सावडीत? मोटार?"

"यांनी आमचं भात कापलं." काळूबाबांना यापुढे काही समजावण्यासारखं वाटत नव्हतं. "आता आमचं नि त्यांचं चालूच ऱ्हाणार."

पटांगणातला हशा थांबला. माझ्या ध्यानात तेव्हा आलं. दत्तूची पिशवी त्यांनी घेतली असती तर जव्हारच्या वेशीवर आमचा त्यांचा संबंध संपला असता. साहेबांनी तात्यांकडे पाहिलं. "तात्या, तुम्ही बरोबर होतात. हे खरं?"

तात्या पुढे झाले. पगडी सरळ केली. नाकावरचा चिखल मोखाड्यात धुतला होता, पण नखांत अजून होता. "साहेब, पोशेऱ्यापासून मोटार आपल्या पायांनी एक पाऊलही चालली नाही. पंप गेला आहे, साखळी गेली आहे, भोंगा मात्र उत्तम आहे." दत्तूने डोळे मिटले. "पण भात मी स्वतः कापलं. चौथं माणूस मी होतो. ही माणसं शब्दाला जागतात, आणि वाटेतला मुलूख यांना आपलं म्हणतो. दुसऱ्या मोटारीला हे मिळेल असं मला वाटत नाही."

कारभारीसाहेब हसले. खूप वेळ हसले. मग म्हणाले, पंप आणि साखळी दिवाळीच्या आत बसवा आणि परवाना घेऊन जा. शेठजींना डहाणूकडचा रस्ता दिला, म्हणजे तेही काही रागावून गेले नाहीत. दत्तू माझ्या पाया पडला, मग काळूबाबांच्या पडला, मग घाईघाईत एका बैलाच्याही पडला. सगळ्यांनी आपट्याची पानं वाटली. सोमीने माझ्या हातात पान ठेवलं आणि म्हणाली, "घ्या बाय, सोनं."

नाशिक : घरी

पंप आणि साखळी मुंबईहून डहाणूपर्यंत आगगाडीने आणि पुढे बैलगाडीने आली. दोन्ही मिळून शंभराच्या थोडी आतच किंमत पडली. जव्हारच्या दोन व्यापाऱ्यांनी माल नेण्याचे पैसे आधी दिले, त्यात ते भागलं. आता मोटार फिरते आहे. एक पाटली पुढच्या वर्षी येईल असं दत्तू म्हणतो. सासूबाई म्हणतात, "बघू." त्यांच्या तोंडून "बघू" म्हणजे जवळजवळ आशीर्वादच.

पहिल्याच फेरीला पोशेऱ्याच्या त्याच चढावर पेट्रोलच्या नळीत कचरा अडकून मोटार उभी राहिली. काळूबाबांच्या माणसांनी ती ढकलून वर नेली, उतारूंना अंबील पाजली, आणि दाम कुणी मागितला नाही.

परवा दत्तू त्र्यंबकहून आला तो दारातूनच ओरडला, "अक्का, पोशेऱ्याहून निरोप आहे! गरवं भात पिकलंय. चार माणसं, एक दिस!"

यांनी ताबडतोब पाठीला चोळायचं तेल पिशवीत टाकलं. मी पदर खोचून मोजायला लागले. दत्तू एक, हे दोन, मी तीन. "अरे, पण चौथं कोण आणायचं?"

"त्याची काळजी नको," दत्तू म्हणाला. "तात्यांनी जव्हारहून सांगून पाठवलंय. रजा मागितली आहे, विळा धार लावून ठेवला आहे. चौथं माणूस मीच, नमूद व्हावं."